कडी

आमच्या स्टँडवर बायकांच्या शेवटच्या संडासाला कडी नाही.
तासगावला कडी आहे, नळाला पाणी नसतं.
सावळजला बाभळीचा आडोसा,
तोही पानगळीत नाही.
चौदा वर्षं मी रूट असाच पाठ केलाय,
किलोमीटरमध्ये नाही, थांब्यांत नाही,
कुठे बसता येईल, एवढ्यात.

ऋतुराज सव्वाचार किलोचा.
रात्री दोनला चिमटा लावून ओढला,
सकाळी अख्ख्या वॉर्डाने पेढे खाल्ले.
त्याचं वजन भावकीत अजून सगळ्यांना पाठ आहे.
टाके किती पडले ते कुणी विचारलं नाही.
मीही मोजले नाहीत.
मोजायला पुढे नोकरीच मिळाली.

मार्केट यार्डावरून गाडी वळते
तेव्हा हळदीची धूळ खिडक्यांतून आत येते
आणि गाडीभर माणसं शिंकतात.
मी दांडा धरते, मांड्या आवळते,
शिंक नाकातच गिळते.
नाही गिळली तर
खाकीवर ओल फार लवकर दिसते.
म्हणून कातडी बॅग नेहमी पुढ्यात,
आणि पाणी दिवसाला एक तांब्या,
डिझेल मोजावं तसं.

दस्तगीरमामा माझे ड्रायव्हर.
कुमठे फाट्याला ते उगाच टायर बघायला उतरतात,
शेताकडे पाठ करून उभे राहतात
पाच मिनिटं.
टायरला काही झालेलं नसतं.
यावर आम्ही कधी एक शब्द बोललेलो नाही.

त्या दिवशी तासगावला गजराबाई चढली,
द्राक्षाच्या विरळणीला निघालेली, हातात डबा, कात्री.
सीट रिकामी, तरी उभीच.
बसा की मावशी, म्हटलं.
ती कानाशी आली.
"बसलं की रुततंय गं. अंग येतंय भाईर.
धाकट्याच्या येळंपास्नं. बत्तीस वरसं झाली.
कापडाची गुंडी लावती, दिसभर धकतंय."
चपलेचा अंगठा तुटलाय, इतक्या सहज.
"मालकांना सांगितलंत कधी?"
"त्यो कवाच गेला. अंग तेवढं ऱ्हायलंय."
आणि हसली. हसताना हात पोटाखाली दाबून.

मग म्हणाली, "आन् तुझं काय गं?
मगाधरनं बघती, पाय आवळून हुबी हाईस."
मशीनवर बोट तसंच राहिलं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी
सुट्ट्या पैशांशिवाय काही मागितलं होतं.
मागच्या सीटवरचा ओरडला, ओ बाई, तिकीट!
मी त्याला चुकून फुल फाडलं की हाफ, आठवत नाही.

सुट्टीच्या वारी दोघी मिरजेला गेलो.
तिचा हात धरून मी, की माझा धरून ती.
डॉक्टरबाईंनी तिला आत रबराची कडी बसवली,
बांगडीएवढी.
"एवढ्याशा कडीसाठी बत्तीस वरसं?" ती म्हणाली,
आणि टेबलावरच रडली, पाय अजून वर असताना.

माझी फाट जुनी. ऑपरेशनचं बघू, म्हणाल्या,
तोवर व्यायाम.
आतून आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं.
मी म्हटलं, आवळतेच आहे की हो,
ऋतुराज झाल्यापासून.
त्या म्हणाल्या, सोडता कधी?
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता गजराबाई खिडकीपाशी बसते.
सीटच्या एका कडेला अजून, पण बसते.

मी डेपोत अर्ज दिला, दोनदा.
मग गणपती पेठेतून चाळीस रुपयांची कडी आणली,
मामांनी पान्याच्या डब्यातून स्क्रू शोधून दिले,
कशासाठी, विचारलं नाही.
शेवटच्या संडासाला ती मीच ठोकली.
तिरकी बसलीय.
लावताना दार उचलून जोर द्यावा लागतो,
आणि जोर लावायचा नाही
असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय.